पाच पौंडांची चूक

टेनिसच्या रॅकेटला तारा बसवण्याच्या कामाला क्लबात सगळे गटिंग म्हणतात आणि ते करणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणतात. अध्यक्षांपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांची ती मावशीच. खरं तर तिला मावशी म्हणायचा हक्क या जगात एकटीलाच, तिच्या थोरल्या बहिणीच्या मुलीला. पण हक्क विचारतो कोण? नाव पडलं की पडलं.

मावशीची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पोटात आहे. छत तिरकं. उंच माणूस आत शिरला की डोकं आपटून घेतो आणि मावशी मान वर न करता म्हणते, "आपटलं? आता लक्षात राहील." खोलीत गटिंगचं जुनं यंत्र, भिंतीवरच्या खिळ्यांना तारांची भेंडोळी, एक टेबल, दोनच्या पुढे न जाणारा पंखा आणि कोर्टाच्या बाजूला हातभर रुंद, वीतभर उंच अशी खिडकी. त्या खिडकीतून खेळाडूंचे गुडघ्याखालचे पाय तेवढे दिसतात आणि पंचांचा आवाज येतो. एकतीस वर्षं मावशीने टेनिस बघितलं ते असं, पायांनी आणि कानांनी. स्वतः ती कधीच खेळली नाही. एकदा भाचीच्या हट्टापायी चार चेंडू मारले होते, त्यातले तीन शेजारच्या कोर्टात गेले आणि चौथा अध्यक्षांच्या चहात.

क्लबात ती आली तेव्हा एकवीस वर्षांची होती, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीची साफसफाई करायला. तेव्हाच्या म्हाताऱ्या गटिंगवाल्याची नजर अधू होत चालली होती. आडवी तार उभ्या तारांमधून एकदा वरून, एकदा खालून ओवायची असते. त्याचं वर-खाली चुकायला लागलं. झाडू घेऊन दारात उभी असलेली ही पोरगी लांबूनच म्हणाली, "सातवी चुकली." म्हातारा आधी भडकला, मग मोजून बघितलं, मग तिला आत बोलावून स्टुलावर बसवलं. तीन वर्षांनी तो गेला आणि यंत्र तिच्या हाती आलं. तिच्या बोटांची टोकं आता इतकी निबर झाली आहेत की उकळत्या चहाचा पेला ती कडेला धरून नाही, सरळ मुठीत धरते.

म्हाताऱ्याने तिला एक शिस्त लावून दिली होती. यंत्रावर एक चकती असते. ती फिरवून काटा हव्या त्या आकड्यावर आणला की तार तितक्या पौंडांच्या ताणाने ओढली जाते. प्रत्येक खेळाडूचा आकडा वेगळा, तो रॅकेटच्या मुठीला चिठ्ठीवर लिहून बांधलेला असतो. पहिली तार ओढण्याआधी तो आकडा मोठ्याने म्हणायचा आणि मग चकतीकडे बघायचं. खोलीत कुणी असो वा नसो. मावशी "एक्कावन्न!" अशी ओरडली की वरच्या पायऱ्यांवर बसलेले नवखे प्रेक्षक दचकून खाली बघत.

भाची लहानपणापासून याच खोलीत वाढली म्हटलं तरी चालेल. बहीण कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करायची आणि तिची पाळी संपेपर्यंत पोरगी मावशीकडे. टाकून दिलेली एक रॅकेट घेऊन ती मागच्या भिंतीवर चेंडू बडवत बसायची, तेही डाव्या हाताने. क्लबातल्या मुलांनी तिचं नाव डावरी ठेवलं, तेच पुढे बातम्यांतही आलं. सतराव्या वर्षी डावरी व्यावसायिक झाली. जगात पहिल्या शंभरात कधी गेली नाही, पण दीडशेच्या आसपास बरीच वर्षं टिकली. हे काय चीज आहे ते ज्याने पाठीवर पिशवी टाकून देशोदेशीच्या स्टेशनांवर रात्री काढल्या आहेत त्यालाच ठाऊक.

आणि एकतिसाव्या वर्षी तिचा डावा खांदा गेला. सर्व्हिस करताना आत काहीतरी कापड फाटल्यासारखं झालं, असं ती म्हणाली. शस्त्रक्रिया झाली, हात गळ्यात आला, क्रमवारीतलं नाव घसरत घसरत दिसेनासं झालं. आधी रोज येणारे फोन आठवड्याने यायला लागले, मग सणावारासारखे. दोन वर्षं गेली. एका शाळेने तिला खेळाच्या शिक्षिकेची नोकरी देऊ केली, चांगली कायमची. डावरीने शाळेकडून मुदत मागून घेतली. आपल्याच क्लबात दरवर्षी बायकांची छोटी व्यावसायिक स्पर्धा होते. जिंकणारीला पुढच्या महिन्यातल्या मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. क्लबाने क्रमवारी न बघता डावरीला मानाची म्हणून एक जागा त्यात दिली. "ही शेवटची, मावशी," ती म्हणाली. "जमलं तर पुढे जाईन. नाही जमलं तर सोमवारी शाळेला हो म्हणून टाकते."

स्पर्धेच्या आधी पंचांवर आणि नियमांवर देखरेख करणाऱ्या रेफ्रीबाई मावशीकडे आल्या. रेफ्रीबाई म्हणजे काटेकोर काम, स्वतःच्या सावलीलाही नियम दाखवतील. म्हणाल्या, "मावशी, तुमची भाची खेळतेय. यंदा गटिंगला बाहेरचं माणूस बोलवू का? उगाच कुणी बोट दाखवायला नको."

मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "एकतीस वर्षांत माझ्या तारेने कुणाची बाजू घेतली असेल तर दाखवा. पुराव्यासकट दाखवा. आणि मग माझं यंत्र उचलून फेकून द्या."

रेफ्रीबाई हसल्या आणि निघून गेल्या. जाताना डोकं आपटून घेतलं.

डावरी पहिली फेरी जिंकली, दुसरी जिंकली. उपांत्य सामन्यात पहिला सेट हरून उठली आणि पुढचे दोन घेतले. क्लबात असा उत्साह संचारला की वर्गणी चुकवणारे सभासदसुद्धा तोंड दाखवायला आले. रविवारी अंतिम सामना. समोर होती एकोणीस वर्षांची एक परदेशी पोरगी, तिला सगळे पाहुणी म्हणत. ना प्रशिक्षक, ना आई-बाप, एकटीच आली होती. सामान म्हणजे एक पिशवी आणि तीन रॅकेटी. शनिवारी तिने त्यातली एक मावशीकडून करून घेतली होती आणि त्यावर उपांत्य सामना मारला होता. उरलेल्या दोन रविवारी सकाळी आणून दिल्या. मुठीवर चिठ्ठी होती, त्रेपन्न.

त्याच वेळी खोलीत वर्तमानपत्राचा एक वार्ताहर येऊन बसला होता. मावशी-भाचीची जोडी त्याला छापायची होती. "मावशी, तुमच्यामुळेच डावरी घडली म्हणतात," तो म्हणाला आणि मावशी बघता बघता हरभऱ्याच्या झाडावर चढली. एरवी नाकावर माशी बसू न देणारी बाई! लहानपणी डावरी कशी भिंतीवर खेळायची, पहिली रॅकेट कशी कापून लहान केली, शस्त्रक्रियेनंतर खांद्याला हिसका बसू नये म्हणून आपण तिच्या तारांचा ताण उतरवून अठ्ठेचाळीसवर कसा आणला, सगळं सांगितलं. हात चालू, तोंड चालू. त्याने फोटो काढला तेव्हा तिने केससुद्धा नीट केले. बोलता बोलता पाहुणीच्या दोन्ही रॅकेटी झाल्या. आकडा मोठ्याने म्हणायचा राहिला, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

सामना अकराला सुरू झाला. मावशी खिडकीशी स्टूल ओढून बसली. बहीण वर पायऱ्यांवर होती, नेमकी मावशीच्या डोक्यावर. प्रत्येक गुणाला ती टाच आपटायची आणि छतातून धूळ पडायची. तीन-तीन अशी बरोबरी झाली. पाहुणीचे पाय मावशीला आवडले नाहीत. फार चपळ होते. डावरीचे चांगले होते, पण घाईत होते.

मग पाहुणीची तार तुटली. कालची, आवडती रॅकेट. तिने पिशवीतून नवी काढली आणि खेळ सुरू झाला. आणि तिथून गंमतच झाली.

"बाहेर!" पंच ओरडले. पुन्हा, "बाहेर!" पाहुणीचा चेंडू बेसलाइनच्या हातभर पलीकडे पडायला लागला. तिने रॅकेट बदलून तिसरी घेतली, तरी तेच. मावशीने खिडकीतून बघितलं तर ते चपळ पाय अडखळत होते, एका पायाचा बूट दुसऱ्यावर मारत होते. तीन गेम सटासट गेले. पहिला सेट डावरीचा, सहा-तीन. बहिणीच्या टाचेने इतकी धूळ पाडली की मावशीला शिंक आली. तिने स्वतःशीच म्हटलं, 'पोरगी घाबरली. पहिलाच अंतिम सामना असणार. चालायचंच.'

दुसऱ्या सेटमध्ये एक-एक झालं तेव्हा रेफ्रीबाईंची मदतनीस तुटक्या तारेची रॅकेट घेऊन आली. "मावशी, पाहुणीने विचारलंय, लवकर होईल का?"

"होईल म्हणावं," मावशी म्हणाली. मनात आलं, होईपर्यंत तुझा सामना आटपला असेल, बाई. तिने जुन्या तारा कापून काढल्या, रॅकेट यंत्रात बसवली, चिठ्ठी वाचली आणि आता खोलीत कुणी वार्ताहर नव्हता म्हणून असेल, सवयीने ओरडली, "त्रेपन्न!" आणि चकतीकडे बघितलं.

काटा अठ्ठेचाळीसवर होता.

ती बघतच राहिली. सकाळपासून यंत्राला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. शेवटच्या रॅकेटी झाल्या त्या पाहुणीच्या, दोन. भाचीचं कौतुक सांगता सांगता हाताने भाचीचाच आकडा लावला होता. तार पाच पौंड सैल म्हणजे चेंडू सुटतो, हवा तिथे थांबत नाही, लांब जाऊन पडतो. हे मावशीला सांगायची गरज नव्हती. जाणत्या खेळाडूच्या हाताला तो फरक कळतो. पाहुणीलाही कळला असणार, पण एकटी, एकोणीस वर्षांची पोर, परक्या गावात शंका तरी कुणावर घेणार? स्वतःवरच घेतली.

बाहेर पंच ओरडले, "बाहेर!" वरून धूळ पडली.

आता खरं सांगायचं तर मावशी काही लगेच कामाला लागली नाही. एक गटिंग करायला तिला निवांतपणे चाळीस मिनिटं लागतात, घाईत पंचवीस. खोटं बोलायचीही गरज नव्हती. हात जरा सावकाश चालवले की झालं. तार ओवताना एकदा चष्मा पुसायचा, एकदा पाणी प्यायचं. सामना संपला असता, डावरी मोठ्या स्पर्धेत गेली असती, पाहुणी पुढच्या गावाला गेली असती. एकोणीस वर्षांच्या पोरीपुढे आयुष्य पडलं होतं. डावरीपुढे सोमवार होता. हे सगळे हिशोब मावशीने केले, उभ्या उभ्या, चकतीवर हात ठेवून. कुणी म्हणेल, छे, मावशी असा विचार करायची नाही. केला तिने. दोन मिनिटं केला.

मग तिने काटा त्रेपन्नवर आणला आणि तार ओढली. त्यानंतर तिचे हात ज्या वेगाने चालले तसे एकतीस वर्षांत चालले नव्हते. उभ्या तारा झाल्या, आडव्या सुरू झाल्या. तर्जनीची कातडी सोलली, तरी ती थांबली नाही. बाहेर आकडे कानावर पडत होते. दोन-एक डावरी, तीन-एक, तीन-दोन, चार-दोन. शेवटची गाठ मारून तिने दातांनी ओढली. अठरा मिनिटं लागली होती.

पाच-दोन झाल्यावर खेळाडू बाजू बदलायला खुर्च्यांवर बसल्या आणि तेवढ्यात मावशी कोर्टावर आली. एकतीस वर्षांत ती पहिल्यांदाच सामना चालू असताना कोर्टावर पाऊल टाकत होती, तेही चपला घालून. पायऱ्यांवरून बहीण ओरडली, "अगं, तू कुठे निघालीस?" मावशीने वर बघितलं नाही. ती थेट रेफ्रीबाईंपाशी गेली.

"सकाळी हिच्या दोन रॅकेटी मी केल्या. पाच पौंड सैल झाल्यात. माझ्या भाचीच्या आकड्यावर ओढल्या मी. मुद्दाम नाही केलं, पण केलं मी. ही नीट आहे." तिने रॅकेट पुढे केली.

रेफ्रीबाईंनी आधी रॅकेटकडे बघितलं, मग तिच्या रक्ताळलेल्या बोटाकडे. "मावशी, झालेले गुण मागे फिरवता येत नाहीत."

"ते मला माहितीये. पण तिला कळू दे."

रेफ्रीबाईंनी पाहुणीला समजावून सांगितलं. पाहुणीने हातातली रॅकेट उलटसुलट करून बघितली. मग मोडक्यातोडक्या भाषेत मावशीला म्हणाली, "म्हणजे... माझा हात नाही? मी नाही?"

"तू नाही गं बाई," मावशी म्हणाली. "मी. मी चुकले."

पोरीने टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला आणि खांदे गदगदायला लागले. चिडली म्हणावं तर तसं नव्हतं. मोकळी होत होती ती.

डावरी शेजारच्या खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होती. मावशीने आतापर्यंत तिच्याकडे बघायचं टाळलं होतं. आता बघितलं. डावरीचा चेहरा कोरा होता. ती पाण्याचा घोट घेऊन बाटली हातात धरून बसली, एवढा वेळ की मावशीला वाटलं, संपलं, आता ही आयुष्यभर माझ्याशी बोलायची नाही. मग डावरी उठली.

"बाई, तिला थोडे चेंडू मारून बघू द्या. नवी रॅकेट आहे."

"सामना चालू असताना सराव? नियमात नाही," रेफ्रीबाई म्हणाल्या.

"नियम माझा तोटा होऊ नये म्हणूनच आहे ना? मीच म्हणतेय, द्या."

रेफ्रीबाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली, मिटलं. त्यांच्या आयुष्यात पुस्तक मिटायची ही बहुधा पहिलीच वेळ. "तीन मिनिटं," त्या म्हणाल्या. "आणि हे मी बघितलं नाही."

आणि मग क्लबातल्या चारशे माणसांनी अजब प्रकार बघितला. सामना दोन-चार गुणांत खिशात टाकू शकणारी बाई नेटपलीकडच्या पोरीला साधे, सरळ, उंच चेंडू देत होती, शाळेतल्या मुलांना देतात तसे. पहिला बाहेर गेला. दुसरा रेषेवर. तिसरा आत, चौथा आत, पाचवा असा सणसणत आत आला की डावरीला रॅकेट लावता आली नाही. "झालं?" डावरीने विचारलं. पाहुणीने मान हलवली. पायऱ्यांवर आधी कुजबूज होती, मग कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. बहीण सोडून. ती डोक्याला हात लावून बसली होती.

पुढचं काय सांगायचं. पोरगी खेळायला लागली. पाच-तीन, पाच-चार. तिथे डावरीला जिंकायला एकच गुण हवा होता आणि पाहुणीने तो असा काही वाचवला की पंचही क्षणभर आकडा सांगायचं विसरले. दुसरा सेट पाहुणीने घेतला, सात-पाच. तिसरा सेट दीड तास चालला. मावशी खोलीत परत गेलीच नाही, कोर्टाच्या दारात उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिने डावरीला अख्खी बघितली, पायापासून डोक्यापर्यंत. सर्व्हिस करताना तो डावा हात वर जायचा तेव्हा मावशी डोळे मिटून घ्यायची. दर वेळी वाटायचं, आत्ता फाटणार. तो हात दीड तास वर जात राहिला. सामना पाहुणीने घेतला, सहा-चार. नेटपाशी तिने डावरीला अशी मिठी मारली की सोडेचना.

मावशी तेव्हा खोलीत पळाली.

बहीण पाठोपाठ आलीच. डोकं आपटलं, त्याचा राग वेगळा. "झालं समाधान? जन्मभर पोरीसाठी खस्ता खाल्ल्या आणि ऐन वेळी हरिश्चंद्र झालीस! गप्प बसली असतीस तर कुणाच्या बापाला कळणार होतं?"

"कुणाला नसतं कळलं," मावशी म्हणाली.

"मग?"

मावशी जमिनीवरचे तारांचे तुकडे वेचायला लागली. बहीण डोळे पुसत निघून गेली. तासभर कुणी आलं नाही. मावशी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पोरीची शेवटची संधी आपण हिसकावून घेतली, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. रेफ्रीबाईंना काय तोंड दाखवायचं हे तर नंतरचं.

डावरी आली ती खांद्यावर बर्फाची पिशवी बांधून. या खोलीत डोकं न आपटता येणारी ती एकटीच. स्टुलावर बसली. मावशीचं बोट हातात घेऊन बघितलं, खिशातली चिकटपट्टी काढून गुंडाळायला लागली.

"मी दोन मिनिटं थांबले होते," मावशी एकदम म्हणाली. "तुला खरं सांगते. कळल्यावर दोन मिनिटं हात चालवला नाही. म्हटलं, होऊन जाऊ दे."

"मीही थांबले होते," डावरी म्हणाली. "बाटली हातात धरून. तुला वाटलं मी पाणी पितेय? मी म्हणत होते, मला काय करायचंय, रॅकेट तिची, चूक तुझी, मला दोन-चार गुण हवेत."

"मग सराव कशाला दिलास, वेडे?"

डावरीने पट्टीचं टोक दाबून बसवलं.

"ती म्हणाली ना, मी नाही? म्हणजे मी नाही चुकले? कशी रडली बघितलंस? मावशी, दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, आधीच विश्रांती घ्यायला हवी होती. आई म्हणाली, हावरटासारखे सामने खेळलीस. तूही म्हणालीस, हात गळ्यात असताना, 'तरी मी सांगत होते, ती स्पर्धा सोड म्हणून.' सगळे खरंच बोलत असाल. पण तू नाही चुकलीस, हे मला एकाही माणसाने म्हटलं नाही. त्या पोरीला कुणीतरी म्हटलं. तेही चारशे माणसांसमोर. मग तिला नीट खेळू द्यायला नको?"

मावशीला आठवलं, आपण ते म्हणालो होतो. हॉस्पिटलच्या खोलीत, पोरीच्या पायथ्याशी बसून. तेव्हा ती स्वतः भेदरली होती आणि भेदरलेलं माणूस दुसऱ्याला बोल लावतं. एवढं सगळं तिला सांगता आलं असतं, पण तिने सांगितलं नाही. कारणं द्यायची ही वेळ नव्हती.

"खांदा कसा आहे?" तिने विचारलं.

"तेच तर सांगायला आलेय. तीन तास खेळले. ती पोरगी शेवटी शेवटी जीव खाऊन मारत होती, मी सगळं परत मारलं. दुखतोय, पण नुसता दमल्यासारखा. आत काही ओढत नाही, अडकत नाही." डावरीचे डोळे चमकत होते. "पाच-दोनवर जिंकले असते ना, तर मला आजही कळलं नसतं, खांदा बरा झालाय का समोरचीच्या तारा सैल होत्या. मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी असते, तिथे नाव देता येतं. तीन सामने जास्त खेळावे लागतील, एवढंच. मघाशी शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन केला. म्हटलं, नाही येत."

मावशीने तिच्याकडे बघितलं. तेहेतीस वर्षांची बाई, केस घामाने कपाळाला चिकटलेले, खांद्यावरून बर्फाचं पाणी यंत्राच्या पायावर टपटपतंय. एरवी मावशी ओरडली असती, यंत्र गंजेल म्हणून.

"इकडे बघ," ती म्हणाली. "खांदा गेला त्यात तुझी चूक नव्हती. तू खेळत होतीस, ते तुझं काम होतं. मी बोलले ते चुकीचं बोलले. ऐकलंस?"

"ऐकलं."

"नाही, तू नुसती मान हलवतेयस. तुझी चूक नव्हती." आणि तिने ते पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने. वर पायऱ्यांवर कुणी उरलं असतं तर दचकून खाली बघितलं असतं. डावरीने तोंड मावशीच्या खांद्यात खुपसलं आणि दोन वर्षांत रडली नव्हती तेवढी रडून घेतली. मावशीचा ब्लाउज बर्फाच्या पाण्याने आणि डोळ्यांच्या पाण्याने ओला झाला. तिने पंखा दोनवर केला आणि पोरीच्या पाठीवरून हात फिरवत बसली.